गाडीतला भोवरा

आमच्या इमारतीच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीला एक लाल ओरखडा आहे. तो माझ्या अज्ञानाने उमटवलेला आहे, आणि प्रस्तुत लेख हा त्या ओरखड्याचा खुलासा समजावा. विज्ञानाशी माझा काडीमोड दहावीनंतर झाला. तेव्हा शास्त्र शाखेच्या मित्रांनी आणि प्राध्यापक मंडळींनी चुकल्यास कान धरावा.

गाडी म्हणजे रेडिओवर चालणारी मोटार; खऱ्या मोटारीच्या एक-दशांश मापाची, सुमारे चाळीस सेंटिमीटर लांब, फक्त मागच्या चाकांना जोर देणारी. मित्राकडून जुनी घेतली. डोंबिवलीत मोकळी जागा शोधणे म्हणजे संध्याकाळी सहाच्या कल्याण लोकलमध्ये खिडकी शोधणे. म्हणून गच्ची. तिथे पावसाळ्यात शेवाळ धरते आणि गाडी जरा वेग घेते न घेते तोच तिचा मागचा भाग पुढे यायला बघतो.

माळशेज घाटात पावसात गाडी घसरली की मुरलेला ड्रायव्हर काय करतो? मागचा भाग ज्या बाजूला जातो त्याच बाजूला स्टिअरिंग वळवतो आणि गाडी सावरतो. हे त्याला जमते, कारण तो गाडीच्या आत बसलेला असतो. आपल्या कानाच्या आत तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. शरीर वळू लागले की त्यांतला द्रव मागे राहतो आणि मेंदूला वर्दी मिळते. आमच्या गाडीचा ड्रायव्हर मात्र टाकीच्या कट्ट्यावर उभा. त्याच्या कानांना काही कळत नाही, जे कळायचे ते डोळ्यांना, आणि गाडी समोरून आपल्याकडे येत असेल तर तिचे डावे ते आपले उजवे! त्यात वेळेचा हिशेब बघा. ताशी ३६ किलोमीटर म्हणजे सेकंदाला १० मीटर. माणसाने पाहून हात हलवायला पाव सेकंद धरला तरी गाडी अडीच मीटर, म्हणजे स्वतःच्या लांबीच्या सहापट पुढे गेलेली असते. हात वळतो तो गाडी गोल फिरून झाल्यावर.

ह्यावरचा उपाय म्हणजे जायरो. दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरलो आणि लॅमिंग्टन रोडवरून काडेपेटीहूनही लहान अशी ती डबी आणली.

ह्या वस्तूचे कूळ भोवऱ्याचे. फिरता भोवरा आपला आस सहजासहजी सोडत नाही. ढकलला तर पडण्याऐवजी आडवाच कलतो. जर्मनीत बोनेनबर्गर ह्या प्राध्यापकाने १८१७ साली कड्यांमध्ये टांगलेल्या फिरत्या गोलाचे यंत्र वर्णिले. पुढे १८५२ मध्ये फूको ह्या फ्रेंच शास्त्रज्ञाने पृथ्वीचे स्वतःभोवती फिरणे डोळ्यांना दिसावे म्हणून असेच यंत्र वापरले आणि ग्रीक शब्द जुळवून त्याला ‘जायरोस्कोप’ म्हटले: फिरणे दाखवणारा. रेडिओवर उडणाऱ्या खेळातल्या हेलिकॉप्टरांची शेपटी स्थिर ठेवायला पूर्वी खरोखरच छोट्या मोटरीवर फिरणारे चाक लावत. गाड्यांत तो आला तो तिथूनच.

पण डबी उघडून पाहाल तर भोवरा नाहीच! आत सिलिकॉनचा एक सूक्ष्म तुकडा सेकंदाला हजारो वेळा मागे-पुढे थरथरत असतो. बागेतल्या गोल फिरणाऱ्या चक्रावर उभे राहून मध्यापासून कडेकडे सरळ चालून पाहा, आपण आपोआप बाजूला ढकलले जातो. तसाच गाडी वळताक्षणी हा थरथरता तुकडा किंचित आडवा सरकतो. त्या सरकण्याने विद्युतधारिता बदलते आणि गाडी सेकंदाला किती अंशांनी वळते आहे ते मोजले जाते. २०१० पासून असाच तुकडा मोबाइल फोनांतही बसू लागला. निसर्गाला मात्र हे फार आधी सुचले होते. घरातल्या माशीच्या पंखांमागे दोन बारीक गदा असतात, त्या पंखांबरोबर थरथरतात आणि उडताना वळण कळवतात. वर्तमानपत्राची सुरळी उगारल्यावर ती हुलकावणी देते त्यात ह्या गदांचा वाटा मोठा.

जायरोला उत्तर-दक्षिण कळत नाही, रस्ता दिसत नाही. गाडी उभ्या आसाभोवती किती वेगाने फिरते आहे, एवढे एकच त्याला कळते. रेडिओचा ग्राहक आणि पुढची चाके वळवणारी सर्व्हो मोटर ह्यांच्या मध्ये तो बसतो. ग्राहक सर्व्होला सेकंदाला साधारण पन्नास विद्युत्ठोके पाठवतो. ठोका दीड मिलिसेकंदाचा असेल तर चाके सरळ. एक मिलिसेकंदाकडे झुकला तर एका बाजूला, दोनकडे झुकला तर दुसऱ्या. जायरो मधल्यामध्ये ह्या ठोक्यात भर घालतो किंवा वजावट करतो: गाडी जितक्या वेगाने डावीकडे फिरेल, तितकी चाके उजवीकडे. किती जोराने ते एका नॉबवर ठरते.

आता ओरखड्याकडे. डबीवर दिशा उलटवण्याचे एक बारीक बटण असते. ते मी पाहिलेच नाही. त्यामुळे गाडी जराशी डावीकडे वळली की जायरो तिला आणखी डावीकडे ढकले. गाडीचाच भोवरा झाला आणि तो टाकीवर आपटला. खरे तर तपासणी अगदी सोपी आहे. गाडी हातात उचलायची, तिचे तोंड डावीकडे झटकन फिरवायचे आणि पुढची चाके उजवीकडे वळतात ना ते बघायचे. सुरू करताना गाडी काही क्षण निश्चल ठेवावी लागते, कारण तेवढ्यात जायरो आपले शून्य ठरवतो. नॉब फार चढवला तर तो स्वतःच केलेल्या दुरुस्तीची पुन्हा दुरुस्ती करत सुटतो आणि चाके हिवताप भरल्यासारखी लटलटतात.

“ही लबाडी आहे,” गाडी देणाऱ्या मित्राने निकाल दिला. त्याचे म्हणणे अगदीच पोकळ नव्हते. शर्यतीच्या अनेक नियमावल्यांत जायरोला मज्जाव आहे. मात्र मुद्दाम घसरत वळणे घेण्याच्या खेळात मागच्या चाकांवरच्या गाड्यांना तो सर्रास लावतात. मलाही मनातून वाटत होतेच, की मग चालवतो तो कोण?

उत्तर मामांनी दिले. ते कल्याणला राहतात, मध्य रेल्वेत मोटरमन होते, आणि तीन वर्षांपासून त्यांच्या उजव्या हाताला कंप आहे. चहाचा कप ते डाव्या हाताने धरतात आणि त्याबद्दल बोललेले त्यांना चालत नाही. मित्राचे ऐकून ते म्हणाले, “अरे, आमच्या हँडलवरचा हात सुटला की ब्रेक आपोआप लागायचे. म्हणून मला कुणी कच्चा मोटरमन म्हटलं नाही. दे इकडे.”

मी रिमोट त्यांच्या हातात दिला. गाडी नागमोडी गेली खरी, पण गेली. ह्याचे सारे श्रेय जायरोला देणे मात्र खोटे ठरेल. मामांना काय हवे आहे आणि त्यांच्या हाताला काय होते आहे, ह्यातला फरक त्याला कळत नाही. तो गाडीचे प्रत्येक वळणे थोडे थोडे दाबतो, त्यात हाताच्या कंपाने आलेले हेलकावेही थोडे दबतात. नॉब आणखी चढवला तर मामांनी मनापासून घेतलेले वळणही तो अडवू लागला. खरा फरक पडला तो रिमोटवरच स्टिअरिंगची मर्यादा निम्मी केल्यावर. मग कंपाने चाके थोडीच हलत, आणि शेवाळावर मागचा भाग सुटला की तेवढे जायरो बघे.

खऱ्या मोटारीतही हा तुकडा आहे. बॉश कंपनीच्या साहाय्याने मर्सिडीझने १९९५ मध्ये आपल्या मोठ्या गाडीत जायरो आणला. तिथे तो स्टिअरिंगला हात लावत नाही. ड्रायव्हरने मागितलेले वळण आणि गाडीचे प्रत्यक्ष फिरणे ह्यांत तफावत दिसली की नेमक्या एकाच चाकाचा ब्रेक दाबतो.

मामा आता दर रविवारी येतात. गेल्या रविवारी त्यांनी नॉब स्वतःच थोडा खाली केला आणि टाकीला वळसा घालून गाडी परत आणली. दुसऱ्या वळशाला टाकीला आणखी एक ओरखडा पडला, पहिल्यापेक्षा बराच लहान.