चार तारा आणि ब्लूटूथची चिप : घरच्या लॅपटॉपवरून प्रोग्राम कसा टाकायचा?

पिपरी मेघे (ता. वर्धा) : सोयाबीनची पोती थप्पीला लागली, कापूस खोलीत भरला, की कास्तकाराचं डोकं एकाच गोष्टीभोवती फिरतं, ती म्हणजे ओल. हमीभावाच्या सोयाबीन खरेदीत ओलाव्याची मर्यादा १२ टक्के. २०२४ च्या हंगामात केंद्राने ती १५ पर्यंत सैल केली होती, पण दरवर्षी तसं होईलच याचा भरवसा नाही. सीसीआयच्या केंद्रावर ८ टक्के ओलाव्यापर्यंत कापसाला पूर्ण भाव, त्यापुढे १२ पर्यंत कपात, आणि १२ च्या वर गेला की गाडी परत. थप्पीच्या आतलं पोतं गरम व्हायला लागलं हे बाहेरून कळत नाही. कळतं तेव्हा वास सुटलेला असतो.

अशा ठिकाणी थप्पीत खुपसून ठेवता येईल आणि मोबाईलवर आकडा दाखवेल अशी छोटी वस्तू घरी बनवता येते. तिच्या पोटात असते नखाएवढी ब्लूटूथची चिप. बाजारात ही चिप मॉड्यूलच्या रूपात मिळते आणि किंमत साधारण तीनशे ते पाचशेच्या आसपास, दुकानागणिक फरक. पण बरेच जण मॉड्यूल मागवतात, लॅपटॉपला कुठून जोडायचं ते सापडत नाही, आणि ते डब्यात पडून राहतं. त्याला ना यूएसबीचं तोंड, ना बटण. आत प्रोग्रामही नसतो. चिप कोरी असते, कोऱ्या वहीसारखी.

वही लिहायला पेन लागतो, तसं या चिपला हार्डवेअर डीबगर लागतो.

डीबगर म्हणजे काय

लॅपटॉप आणि चिपच्या मधला हा दुभाषा आहे. एका बाजूला यूएसबी, दुसऱ्या बाजूला चार तारा. त्यातल्या दोन तारा करंटच्या, म्हणजे प्लस आणि ग्राउंड. उरलेल्या दोन बोलण्याच्या. एकीला एसडब्ल्यूडीआयओ म्हणतात, तिच्यावरून माहिती जाते-येते. दुसरी एसडब्ल्यूसीएलके, ती ठेका धरते. भजनात एक जण टाळ धरतो आणि बाकीचे त्या तालावर गातात, तसंच.

याच दोन तारांतून चिपमधलं जुनं पुसता येतं, नवा प्रोग्राम लिहिता येतो, आणि चालू प्रोग्राम मध्येच थांबवून आत काय चाललं ते बघताही येतं. कुठल्या ओळीवर अडकला, कोणत्या खणात कोणता आकडा आहे, सगळं दिसतं. मोटर बंद पडली की वायरमन टेस्टर घेऊन एकेक जागा तपासतो, तसं हे काम आहे.

स्वस्त मॉड्यूलमध्ये सगळ्यात जास्त दिसतात त्या नॉर्वेच्या नॉर्डिक सेमीकंडक्टर कंपनीच्या चिपा. जुनी एनआरएफ ५१८२२ आणि तिच्यानंतरची एनआरएफ ५२८३२. दुसरीत ५१२ केबी साठवण, ६४ केबी रॅम आणि ६४ मेगाहर्ट्झचा वेग. आजच्या मोबाईलपुढे हे काहीच नाही, पण तापमान मोजून सांगायला भरपूर झालं. इंग्लंडमध्ये २०१६ साली शाळकरी पोरांना मायक्रोबिट नावाचा छोटा बोर्ड फुकट वाटला, त्यात हीच ५१८२२ चिप होती. फरक इतकाच की त्या बोर्डावर डीबगरची वेगळी चिप आधीच बसवलेली, म्हणून पोरं फाईल ओढून टाकत आणि काम होई. स्वस्त मॉड्यूलमध्ये ती सोय काढून टाकलेली असते. स्वस्त पडतं ते म्हणूनच.

मग सगळे वापरतात ती ईएसपी ३२ काय वाईट? वाईट नाही. तिला डीबगर लागत नाही, यूएसबीवरून थेट प्रोग्राम जातो, आणि शिकायला ती सोपी आहे. जिथं लाईन आहे तिथं तीच घ्यावी. पण ब्लूटूथवर बोलताना ती करंट जास्त खाते. नॉर्डिकची चिप झोपेत असताना दोन मायक्रोअँपियरच्या आसपास घेते. घड्याळाच्या मोठ्या बटण सेलमध्ये, म्हणजे सीआर २०३२ मध्ये, साधारण २२० मिलीअँपियर-तास असतात. चिप काही सेकंदांनी एकदा जागी होऊन आकडा सांगून परत झोपली आणि सरासरी खर्च २० मायक्रोअँपियर राहिला, तर हिशेबाने ११,००० तास निघतात. म्हणजे सव्वा वर्ष. प्रत्यक्षात थोडं कमी धरा, तरी एका सेलवर एक हंगाम आरामात निघतो. कोठ्यात लाईन नसली तरी चालतं, मुद्दा हा आहे.

कोणता डीबगर घ्यायचा

नॉर्डिकवाले स्वतः सुचवतात तो जे-लिंक, पण तो महाग आहे. बाजारात एसटी-लिंकची नक्कल दोन-चारशेत मिळते आणि बहुतेक जण तीच घेतात. काम करते, पण दोन खोड्या आहेत. एक, डब्यावर छापलेला पिनचा क्रम आतल्या बोर्डापेक्षा वेगळा निघू शकतो, म्हणून झाकण सरकवून आतलं वाचावं. दुसरी खोडी कुलपाची. पुष्कळ चिपा आतून बंद करून येतात, कोणी प्रोग्राम चोरू नये म्हणून. एसटी-लिंकला अनेकदा ते कुलूप उघडता येत नाही, आणि नवखा माणूस समजतो की मॉड्यूलच खराब आलं.

त्यापेक्षा रास्पबेरी पाय पिको हा छोटा बोर्ड बरा. २०२१ मध्ये तो चार डॉलरला बाजारात आला, आपल्याकडे चारशेच्या आत-बाहेर मिळतो. बोर्डावरचं बूटसेल बटण दाबून धरायचं आणि यूएसबी लावायची. लॅपटॉपवर तो पेनड्राईव्हसारखा दिसतो. रास्पबेरी पायच्या अधिकृत जागेवरून डीबगप्रोब नावाची फाईल उतरवून त्यात टाकायची, तुमच्या पिकोच्या मॉडेलची असेल तीच. झाला डीबगर तयार. पुढं कंटाळा आला तर हाच पिको दुसऱ्या कामाला वापरता येतो, एसटी-लिंकचं तसं नाही.

लॅपटॉप मात्र लागतो. हे काम मोबाईलवर करण्याच्या नादी लागू नये. जुना, हळू चालणारा लॅपटॉप असला तरी पुरतो.

जोडणी

पिकोची ४ नंबरची पिन मॉड्यूलच्या एसडब्ल्यूसीएलकेला. ५ नंबरची एसडब्ल्यूडीआयओला. ३ नंबर ग्राउंडला. ३६ नंबरवर ३.३ व्होल्ट मिळतात, ते मॉड्यूलच्या प्लसला. हे बोर्डाच्या कडेने मोजलेले नंबर आहेत. चित्रात जीपी २ आणि जीपी ३ असं लिहिलेलं दिसेल, त्या याच ४ आणि ५ नंबरच्या पिना. लोक इथंच गोंधळतात.

शेजारी ५ व्होल्टच्याही पिना आहेत. चिपला ३.६ व्होल्टपर्यंतच चालतं. ५ लागले की चिप गेली, धूरही निघत नाही, नुसती गप्प होते. करंट देण्याआधी मीटर लावून बघावं, दीड-दोनशेचं मीटर पाचशेचं मॉड्यूल वाचवतं. मॉड्यूलवर सेल बसवला असेल तर डीबगर लावताना तो काढून ठेवायचा.

डागायचं काम मात्र नाजूक. मॉड्यूलच्या कडेच्या खाचा सव्वा मिलिमीटरच्या अंतरावर असतात, रेडिओ दुरुस्तीच्या जाड्या सोल्डरिंगने दोन खाचा एक होतात. हात बसलेला नसेल तर सरळ मोबाईल दुरुस्तीवाल्याकडे जावं आणि चार जंपर मारून घ्यावे. त्याचं रोजचंच काम आहे ते. गावच्या शाळेत अटल टिंकरिंग लॅब असेल तर तिथंही सोल्डरिंगचं सामान असतं, सरांना विचारायला काय जातं?

पहिला रामराम

लॅपटॉपवर ओपनओसीडी नावाचं फुकट सॉफ्टवेअर घ्यावं, ०.१२ किंवा त्याहून नवं. जुन्या ०.१० ला पिको ओळखता येत नाही, आणि आर्डुइनोच्या काही पॅकेजसोबत नेमकं तेच जुनं येतं. ओपनओसीडीला दोन गोष्टी सांगायच्या : मधला दुभाषा सीएमएसआयएस-डॅप जातीचा आहे, आणि समोरची चिप एनआरएफ ५२ आहे. सगळं नीट असेल तर पडद्यावर येतं की चिपमध्ये ६ ब्रेकपॉइंट आणि ४ वॉचपॉइंट आहेत. ५१८२२ असेल तर ४ आणि २. ही ओळ दिसली की समजायचं, चिप जिवंत आहे आणि बोलते आहे.

नाही दिसली तर दहातल्या आठ वेळा तारच ढिली असते किंवा त्या दोन बोलण्याच्या तारा उलट लागलेल्या असतात. त्या उलट लागल्या म्हणून काही जळत नाही, बदलून बघाव्या. चिप दिसते पण आत शिरू देत नाही, असं असेल तर कुलूप आहे. त्यासाठी ओपनओसीडीत रिकव्हरची आज्ञा आहे. तिने कुलूप उघडतं, पण आतलं सगळं पुसून जातं. जुन्या तयार वस्तूवर, म्हणजे चावी शोधणाऱ्या टॅगवर किंवा फिटनेस पट्ट्यावर, प्रयोग करायचा असेल तर हे ध्यानात ठेवावं. मूळ प्रोग्राम परत येत नाही, कंपनीकडे मागूनही नाही.

पहिला प्रोग्राम एलईडी लुकलुकवण्याचा. आर्डुइनोत एनआरएफ ५ चं पॅकेज टाकून प्रोग्राम तयार करता येतो, मग त्याची हेक्स फाईल बाहेर काढून ओपनओसीडीने चिपमध्ये लिहायची. मेनूमध्ये सॉफ्टडिव्हाईस विचारतो, तिथं सध्या ‘नाही’ निवडावं. एलईडीला एक किलोओहमचा रेझिस्टर जोडावा. ५२८३२ वर ९, १० आणि २१ नंबरच्या पिना सोडून दुसरी कोणतीही घ्यावी, कारण त्या तिघी आधीच एनएफसी आणि रिसेटच्या कामाला बांधलेल्या असतात.

एलईडी लुकलुकला की ब्लूटूथकडे वळायचं. इथं नॉर्डिकची एक वेगळी तऱ्हा आहे. ब्लूटूथचं सगळं काम करणारा तयार प्रोग्राम कंपनी देते, त्यालाच सॉफ्टडिव्हाईस म्हणतात. ५२८३२ साठी एस १३२. तो चिपच्या साठवणीत खालच्या मजल्यावर बसतो आणि आपला प्रोग्राम वरच्या. आधी सॉफ्टडिव्हाईस लिहायचा, मग आपला, आणि मधे पूर्ण पुसण्याची आज्ञा द्यायची नाही. खालचा मजलाच नसला तर वरचा चालत नाही, आणि पडद्यावर चूकही दिसत नाही. फक्त काही होत नाही.

आणखी एक जागा आहे जिथं लोकांचे दोन-दोन दिवस जातात. चिपला वेळ मोजायला ३२ किलोहर्ट्झचा बारीक क्रिस्टल लागतो. स्वस्त मॉड्यूलवर तो बऱ्याचदा बसवलेलाच नसतो. मेनूत क्रिस्टल निवडलेला राहिला तर चिप त्याची वाट बघत बसते. तिथं आरसी ऑसिलेटर निवडलं की गाडी सुटते.

मग मोबाईलवर नॉर्डिकचं एनआरएफ कनेक्ट नावाचं फुकट ॲप टाकून स्कॅन करावं. आपण ठेवलेलं नाव यादीत दिसलं की काम झालं. एक लक्षात असू द्या, ब्लूटूथ जोडलेलं असताना डीबगरने प्रोग्राम मधेच थांबवला तर जोडणी तुटते आणि सॉफ्टडिव्हाईस कोलमडतो. रेडिओला वेळेवर उत्तर लागतं, तो कोणासाठी थांबत नाही. त्या वेळी थांबवण्यापेक्षा प्रोग्रामने आकडे छापून दाखवावे हे बरं.

थप्पीत ठेवताना

चिपमध्ये स्वतःचं तापमान मोजायची सोय असते, पण ती पाच अंशांनीही चुकू शकते. शिकायला ठीक, पिकाला नाही. बीएमई २८० नावाचा सेन्सर लावला तर तापमान आणि हवेतली ओल दोन्ही मिळतात, आणि तो १.७ ते ३.६ व्होल्टवर चालतो म्हणून त्याच सेलवर भागतं. घेताना बघून घ्या, त्याच्या नावाखाली बीएमपी २८० खपवतात आणि त्याला ओल मोजताच येत नाही.

हा सेन्सर दाण्यातला ओलावा सांगत नाही, दाण्याभोवतीच्या हवेतला सांगतो. केंद्रावरचं मीटर जे टक्के दाखवतं ते हे नव्हेत, त्यामुळे या आकड्यावर तिथं भांडता येणार नाही. उपयोग आहे तो चढ-उतार कळण्याचा. चार दिवस ३० वर असलेलं तापमान पाचव्या दिवशी ३६ झालं तर थप्पी फोडून पोती पसरायची वेळ आली.

ब्लूटूथच्या लहरी पाण्यात मुरतात. ओलसर मालाच्या मधोमध ठेवलेलं मॉड्यूल हाकेच्या अंतरावरूनही दिसत नाही, लोखंडी कोठीतून तर अजिबात नाही. सेन्सर तारेने आत सोडावा आणि मॉड्यूल बाहेर, त्याची अँटेनाची बाजू पत्र्यापासून लांब. आणि वावरातून घरी आकडा येईल अशी आशा धरू नये, हे खोलीतलं आणि अंगणातलं यंत्र आहे. तो आकडा शेजारच्याच्या मोबाईलवरही दिसू शकतो, म्हणून तापमान सांगायला ठीक, पण याच पद्धतीने विहिरीवरची थ्री फेज मोटर चालू-बंद करायच्या भानगडीत पडू नये.

शिकायचं कुठं

पिपरीतच आर्वी रोडवर बजाज इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी २०१७ पासून आहे. सिंदी मेघे, बोरगाव मेघे, सावंगीकडचे पोट्टे-पोट्ट्या इंजिनिअरिंगला आहेतच, त्यांच्याशी बोलावं. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलवर सी भाषा आणि लिनक्सचे धडे मराठीतून फुकट आहेत, बारावी झालेल्याला समजतील असे. पुणे जिल्ह्यात पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम उभारला आणि २००२ मध्ये तिथं फॅब लॅब आली, अमेरिकेतल्या एमआयटीबाहेरच्या अगदी सुरुवातीच्या लॅबपैकी एक. खेड्यातली पोरं तिथं स्वतः सर्किट बनवायला शिकतात.

आणि एकदा तारेने बूटलोडर नावाचा छोटा प्रोग्राम चिपमध्ये बसवून ठेवला, तर पुढचे बदल मोबाईलवरून ब्लूटूथनेच टाकता येतात. थप्पी हलवून मॉड्यूल बाहेर काढायची गरज राहत नाही. चार तारा मात्र फेकू नका, बदल टाकताना मधेच सेल उतरला तर त्याच लागतील.