सात मण्यांची शेपटी

खोलीत मिट्ट काळोख आहे. सूक्ष्मदर्शकाचा पंखा तेवढा घरघरतोय. "मामा, मोबाइल खिशात ठेव, उजेड पडतो," भाची म्हणते. मी मुकाट्याने ठेवतो.

काचेवर हेला पेशी आहेत. 1951 साली हेन्रिएटा लॅक्स या बाईच्या कर्कगाठीतून काढलेल्या, आणि अजून वाढतच असलेल्या. मघाशी भाचीने त्यांच्यावर डिजिटोनिन घातलं. ते कोलेस्टेरॉल हेरून भोकं पाडतं, त्यामुळे पेशीच्या बाहेरच्या आवरणाची चाळण झाली आहे. केंद्रकाच्या आवरणात कोलेस्टेरॉल कमी, म्हणून ते शाबूत. मूळचा पेशीरस धुऊन गेलाय. आता ती पिपेटने ताजा पेशीरस, एटीपी, जीटीपी आणि हिरवं चमकणारं एक प्रथिन सोडते.

प्रथिन कुठलं, तर गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन! केंद्रकात त्याचं काडीचं काम नाही. वजन 66 किलोडाल्टन. साधारण चाळिशीच्या पुढची प्रथिनं आपली आपण आत शिरू शकत नाहीत. पण याला एका माकड-विषाणूच्या प्रथिनातली शेपटी डकवली आहे: प्रोलिन, तीन लायसिन, आर्जिनिन, लायसिन, व्हॅलिन. सातच अमिनो आम्लं.

पडदा हिरवागार होतो. मधेमधे काळी वर्तुळं, तीच केंद्रकं.

बराच वेळ काही होत नाही. मग काळ्याचं करडं होतं, करड्याचं पोपटी. आत-बाहेर रंग सारखा झाला तेव्हा मी म्हणतो, "झालं!"

"सारखं होईपर्यंत उतारच असतो, मामा. थांब."

खरंच, आतला हिरवा चढतच जातो. आता केंद्रकंच दिव्यांसारखी उजळली आहेत. पाण्याने उतार सोडून चढ धरावा, तसं काहीतरी.

ज्यातून हे घडतंय ते केंद्रकाच्या आवरणातलं रंध्र या भिंगाखाली दिसतच नाही. सुमारे 120 नॅनोमीटर रुंदीचं, आठ आऱ्यांचं ते चाक, तिसेक प्रकारच्या प्रथिनांनी बांधलेलं. मधोमध लवचीक धाग्यांचा गुंता. इम्पोर्टिन हा हमाल शेपटी ओळखतो, माल उचलतो, गुंत्यातून पार होतो. आत रॅन नावाचं प्रथिन जीटीपी धरून असतं. ते हमालाला चिकटलं की माल सुटतो, आणि दोघं बाहेर येतात. जीटीपी तुटतो तो बाहेर आल्यावर. म्हणजे इंधन खर्ची पडतं ते माल आत ढकलायला नव्हे, हमाल मोकळा करायला! इतकी वर्षं मी उलटंच समजत होतो.

भाची दुसरी काच लावते. सगळं तेच, फक्त शेपटीतल्या तीन लायसिनपैकी मधल्याच्या जागी थ्रिओनिन.

अर्धा तास होत आला. केंद्रकं काळीच आहेत.