आधी दक्षिणा, मग धर्मसुधारणा

1511 च्या मार्च महिन्यात लंडनमधल्या रिचर्ड हन नावाच्या कापडवाल्याचा पाच आठवड्यांचा मुलगा वारला. व्हाइटचॅपलच्या चर्चमध्ये दफनविधी झाला आणि तिथल्या टॉमस ड्रिफील्ड या पाद्र्याने रिवाजाप्रमाणे आपला हक्क मागितला. मयताच्या मालकीची एक बरी वस्तू पाद्र्याला द्यायची, असा दंडक होता. या बाळाच्या नावावर होते ते बाप्तिस्म्याच्या वेळी त्याला गुंडाळलेले वस्त्र. पाच आठवड्यांच्या लेकराची कसली आली मालमत्ता, असे म्हणत हनने ते द्यायला नकार दिला. धर्मपीठाच्या कोर्टात तो हरला. 1512 च्या डिसेंबरात तो सायंप्रार्थनेला गेला, तेव्हा हा माणूस बाहेर जाईपर्यंत प्रार्थना पुढे चालणार नाही, असे त्याला भर चर्चमध्ये सुनावण्यात आले. हनही गप्प बसणारा नव्हता. त्याने उलट राजाच्या कोर्टात दावे लावले. मग त्याच्यावर पाखंडाचा आरोप आला आणि 1514 च्या डिसेंबरात बिशपच्या तुरुंगात त्याचे प्रेत लटकलेले सापडले. पंचांनी खून झाल्याचा निर्वाळा दिला. धर्मपीठाने मात्र त्या प्रेतावर खटला चालवून ते जाळले. मार्टिन ल्यूथरने विटेनबर्गला आपले 95 मुद्दे मांडले ते 1517 मध्ये, म्हणजे यानंतर जवळजवळ तीन वर्षांनी.

प्रॉटेस्टंट सुधारणेची गोष्ट बहुधा ल्यूथरपासून सुरू केली जाते. त्यामुळे असा समज होतो की आधी विचार आला, मग लोक जागे झाले. घडले ते बरेचसे उलटे. माणूस आणि देव यांच्यात मध्यस्थ नको, धर्मग्रंथ आपल्या भाषेत हवा, पाद्र्यांनी श्रीमंती सोडावी, हे सगळे इंग्लंडमध्ये जॉन विक्लिफ 14 व्या शतकातच बोलून गेला होता. बोहेमियात यान हुसने तेच मांडले आणि 1415 मध्ये कॉन्स्टन्सला त्याला जिवंत जाळण्यात आले. म्हणजे विचार शंभराहून अधिक वर्षे जुने होते. गाऱ्हाणी त्याहूनही जुनी: पिकाचा दहावा हिस्सा, लग्नाचे पैसे, मयताचे पैसे, पापक्षालनाच्या चिठ्ठ्या. 1521 मध्ये वर्म्सच्या सभेत ल्यूथर उभा राहिला, त्याच सभेत जर्मन सरदारांनी रोमविरुद्धच्या तक्रारींची लांबलचक यादी पुढे ठेवली होती, आणि तीत धर्मतत्त्वापेक्षा पैशाच्या तक्रारी फार होत्या. इंग्लंडच्या संसदेने 1529 मध्ये चर्चच्या कारभाराला हात घातला, तेव्हा रोमशी काडीमोड अजून व्हायचा होता. पहिले कायदे झाले ते मयताची दक्षिणा किती घ्यावी आणि मृत्युपत्राच्या दाखल्याला किती आकारावे, यावर. पंथ बदलण्याआधी दरपत्रक बदलले.

महाराष्ट्रात या युरोपीय घटनेची आठवण पहिल्यांदा ठसठशीतपणे काढली ती न्यायमूर्ती रानड्यांनी. 1900 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मराठी सत्तेच्या उदयावरील इंग्रजी ग्रंथात त्यांनी संतांच्या चळवळीची तुलना थेट युरोपातल्या धर्मसुधारणेशी केली. तुलना निम्मी बरोबर आहे. ज्ञानेश्वरांनी 1290 मध्ये गीता मराठीत आणली, चोखामेळ्यांनी देवळाच्या पायरीवरून देवालाच जाब विचारला, तुकारामांनी पोकळ कर्मकांडाची खिल्ली उडवली. विचारांच्या बाबतीत विक्लिफ आणि हुस यांच्या पंक्तीला बसवावेत असेच हे सारे. पण ग्रामजोशाच्या वतनाला या चळवळीने धक्का लावला नाही. वारकरी पंढरीला जाऊन आला तरी घरच्या लग्नाला वतनदार जोशीच येणार आणि त्याचा हक्क त्याला पोचणार, ही व्यवस्था तशीच राहिली. संतांना दोष देण्याचे कारण नाही, त्यांचे काम वेगळे होते. पण गाऱ्हाण्याला विचार भेटला आणि दोघे मिळून वतनावर चालून गेले, असे रानड्यांच्या तुलनेत समजायचे असेल, तर ते घडायला 1873 साल उजाडावे लागले.

त्या वर्षी 24 सप्टेंबरला पुण्यात जोतीराव फुल्यांनी सत्यशोधक समाज स्थापन केला आणि 25 डिसेंबरला भटजीशिवाय पहिले सत्यशोधक लग्न लागले. ते लावू नये म्हणून दडपण कमी आले नव्हते. त्याआधी 1869 च्या ‘ब्राह्मणांचे कसब’मध्ये आणि पुढे 1883 च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये फुल्यांनी शेतकऱ्याच्या घरी गर्भधारणेपासून श्राद्धापर्यंत कुठल्या निमित्ताने काय काय उकळले जाते, याची नोंदच केली. ती वाचताना धर्मचर्चा कमी आणि खातेवही जास्त वाटते, आणि तीच तिची ताकद. 1884 मध्ये जुन्नर तालुक्यातल्या ओतूरला बाळाजी कुसाजी पाटील यांनी आपल्या घरचे लग्न भटजीविना लावले, तेव्हा गावच्या जोशांनी हक्क बुडाला म्हणून दावा ठोकला आणि प्रकरण हायकोर्टापर्यंत गेले. आज हे चमत्कारिक वाटेल, पण कुळाने दुसरा भटजी बोलावला तरी वतनदार जोशाचा हक्क बुडत नाही, हे त्या काळच्या मुंबई हायकोर्टाने मान्य केलेले तत्त्व होते. ज्याला बोलावलेच नाही त्याची दक्षिणा द्यायची! ओतूरचा पाटील आणि व्हाइटचॅपलचा हन यांच्यात पावणेचारशे वर्षांचे अंतर आहे. भांडण मात्र एकाच जातीचे.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: फुल्यांचे विचार मिशनऱ्यांकडून आले, ते स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले, तेव्हा हे सारे प्रॉटेस्टंट मालाची आयात आहे. विचारांपैकी काही तिथून आले, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण अमेरिकन मिशनरी 1813 पासून मुंबईत मूर्तिपूजेवर आणि पुरोहितशाहीवर बोलत होते, आणि कित्येक वर्षांत त्यांच्या पदरात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच माणसे पडली. याहून चांगली कसोटी प्रार्थना समाजाची. 1867 मध्ये मुंबईत निघालेल्या या समाजाकडे सुधारणेचे जवळपास सगळे विचार होते: एकेश्वरवाद, मूर्तिपूजेला नकार, मराठीतली सामुदायिक प्रार्थना, वर तुकारामांचा आधार. माणसेही थोर, रानडे आणि भांडारकरांच्या तोडीची. तरी तो शिकलेल्या शहरी मंडळींपुरता राहिला. सत्यशोधकांचे तत्त्वज्ञान त्या मानाने साधे, पण ते जुन्नरच्या शेतकऱ्यापर्यंत पोचले, कारण ते त्याच्या लग्नखर्चाविषयी बोलत होते. त्या खर्चाची यादी काही स्कॉटलंडहून आलेली नव्हती.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. एमन डफी आणि ख्रिस्तोफर हेग यांच्यासारख्या इतिहासकारांनी दाखवून दिले आहे की सुधारणेपूर्वीच्या इंग्लंडमध्ये सामान्य माणसे चर्चवर नाराज नव्हती. ती हौसेने वेद्या सजवत होती, उत्सवांना वर्गणी देत होती. सगळीकडे असंतोष धुमसत होता, हे चित्र पुढे जिंकलेल्या पक्षाने रंगवले. हे मान्य करावेच लागते. पण श्रद्धा आणि तक्रार एकाच घरात सुखाने नांदतात. हन स्वतः नेमाने चर्चला जाणारा होता, सत्यशोधकांच्या गावांत वारीही चालू होती. खुशीने दिलेली देणगी कुणाला टोचत नाही. टोचते ते कोर्टातून वसूल होणारे देणे, आणि तेही मूल गेले किंवा पोरीचे लग्न निघाले अशा वेळी. मग विचारांचे काम उरते ते काय? तक्रारीला नकाराचा अधिकार देण्याचे. बाप्तिस्मा झालेला प्रत्येक जण पुरोहितच आहे, असे ल्यूथरने 1520 मध्ये लिहिले, आणि त्या वाक्यासरशी पाद्र्याच्या हक्काचा पायाच खचला. फुल्यांनी 1887 मध्ये मराठी मंगलाष्टकांसह पूजाविधीचे पुस्तक छापून तेच केले. नुसती तक्रार कुरकुरत राहते.

पण विचाराचा बाप तक्रारीला शेवटपर्यंत साथ देतोच असे नाही. 1525 मध्ये जर्मन शेतकऱ्यांनी बारा मागण्या मांडल्या. त्यांतली पहिली होती आपला पाद्री आपण निवडण्याची आणि दुसरी दहाव्या हिश्श्याची. ल्यूथर उलटला आणि त्याने सरदारांना शेतकऱ्यांची कत्तल करायला सांगितले. इंग्लंडचे चर्च प्रॉटेस्टंट झाले, पण दहाव्या हिश्श्याचे देणे 1936 च्या कायद्यापर्यंत या ना त्या रूपात चालूच राहिले. आपल्याकडे बोलावल्याविना दक्षिणा मागण्याचा जोशाचा हक्क मुंबई प्रांताच्या कायद्याने 1926 मध्ये रद्द केला. त्या कायद्यामागे रावबहादूर सी. के. बोले यांची खटपट होती.

या युक्तिवादाची उलट बाजू तपासायची तर वसईसारखा तालुका नाही. किनाऱ्यालगत वसई, निर्मळ, आगाशी या भागांत पोर्तुगिजांनी 1534 पासून 1739 पर्यंत राज्य केले. प्रॉटेस्टंटांना उत्तर म्हणून भरलेली ट्रेंटची धर्मसभा 1563 मध्ये संपली. लग्न धर्मगुरूसमोरच लागले पाहिजे, हा तिचा नियम त्याच चर्चचा, ज्याचे धर्मगुरू इथे काम करत होते. वसईत त्या काळी ल्यूथरपंथी औषधालाही नव्हता. रोग युरोपात होता, त्यावरचा उपाय कोकणात पोचला. पूर्वेकडे, विरारपलीकडच्या चांदीप, मांडवी या पट्ट्यातल्या वारल्यांची गोष्ट निराळीच. वारली लग्नात भटजीला जागाच नाही. सवाष्णी भिंतीवर तांदळाच्या पिठाने पालघटाचा चौक लिहितात आणि लग्न लावते ती धवलेरी, गाणी म्हणत. फुल्यांना जे झगडून मिळवावे लागले, ते इथे परंपरेनेच होते. म्हणून वारल्यांना गाऱ्हाणे नव्हते असे नाही. लग्नासाठी जमीनदार-सावकाराकडून कर्ज घ्यायचे आणि त्या फेडीपोटी नवराबायकोने त्याच्याकडे राबायचे, अशी लग्नगड्याची पद्धत तेव्हाच्या ठाणे जिल्ह्याच्या उत्तरेकडे पिढ्यान्‌पिढ्या चालली. पिळणारा हात पुरोहिताचा नव्हता, म्हणून तिथे धर्मसुधारकाचे काही काम पडले नाही. मे 1945 मध्ये उंबरगाव तालुक्यातल्या झरीला हजारो वारली जमले ते किसान सभेच्या लाल बावट्याखाली, आणि गोदावरी व शामराव परुळेकरांबरोबर त्यांनी वेठ आणि लग्नगडी दोन्ही बंद करायचे ठरवले. धवलेरी आपल्या जागी राहिली.