रोमच्या खानावळीत जेवताना

युरोपच्या सहलीला जाणाऱ्यांत आता जिल्ह्याच्या ठिकाणची मंडळीही बरीच असतात. निघण्यापूर्वी दवाखान्यात येऊन ती औषधांची चिठ्ठी लिहून नेतात आणि उठता उठता एक प्रश्न हमखास विचारतात. "डॉक्टर, इटलीचं जेवण हृदयाला फार चांगलं म्हणतात. आम्हांला चालेल ना?" याचे उत्तर एका शब्दात देता येत नाही. इटलीतल्या घरचा साधा आहार ही एक गोष्ट, तिथल्या गल्लीतल्या जुन्या खानावळीचे जेवण ही दुसरी, आणि आपल्याकडे मैद्याच्या जाड पावावर चीज थापून 'इटालियन' म्हणून खपवतात ती तिसरी. तिसरीबद्दल न बोललेलेच बरे.

पहिल्या गोष्टीची कीर्ती झाली ती अ‍ॅन्सेल कीज या अमेरिकन शास्त्रज्ञामुळे. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीस ते नेपल्सला गेले, तेव्हा तिथल्या कष्टकरी लोकांत हृदयविकार फारसा दिसत नाही हे त्यांच्या लक्षात आले. १९५८ मध्ये त्यांनी सात देशांतील पुरुषांचा दीर्घकालीन अभ्यास हाती घेतला. त्यात इटलीच्या खेड्यांतील माणसांबरोबर रोमचे रेल्वे कर्मचारीही होते. या अभ्यासावर पुढे टीका पुष्कळ झाली, पण कडधान्ये, पालेभाज्या, फळे, ऑलिव्हचे तेल आणि क्वचित मांस या आहाराचे नाव त्यातूनच जगभर झाले. २०१० मध्ये युनेस्कोनेही त्याला सांस्कृतिक वारसा म्हणून मान्यता दिली. मात्र तो आहार घरचा होता, हात आखडता घेऊन शिजवलेला होता आणि दिवसभर अंगमेहनत करणाऱ्यांचा होता.

आता खानावळीकडे वळू. तिकडे तिला 'त्रात्तोरिया' म्हणतात. रोममध्ये तेस्ताच्चो नावाची जुनी कामगार वस्ती आहे. वस्तीत सुमारे ३५ मीटर उंचीची एक टेकडी आहे आणि ती मातीची नसून प्राचीन काळी तेल भरून आणलेल्या रांजणांच्या फुटक्या खापरांची आहे! टेकडीच्या पायथ्याशी काही खानावळी आहेत. काही वर्षांपूर्वी मला त्या वस्तीत दोनदा जेवण्याचा योग आला. टेबलावर कागद अंथरलेला, हाताने लिहिलेली पदार्थांची यादी, गल्ल्यावर मालकीणबाई आणि आजूबाजूला शेजारपाजारची कुटुंबे. आजोबा, सून आणि नातवंडे एकाच टेबलाशी दीड-दोन तास निवांत बसलेली. आठवड्याचे वारही ठरलेले. गुरुवारी बटाट्याचे न्योक्की, शुक्रवारी मासे, शनिवारी त्रिप्पा म्हणजे जनावराच्या पोटाचे मांस. आपल्याकडे वार पाळणाऱ्यांना हे ऐकून नवल वाटू नये.

या वस्तीत १९७५ पर्यंत शहराचा मोठा कत्तलखाना होता. जनावराचे चार मोलाचे भाग श्रीमंतांकडे जात. आतडी, शेपूट, यकृत असा जो 'पाचवा भाग' उरे, तो कामगारांच्या वाट्याला येई. त्यांच्या बायकांनी आणि खानावळवाल्यांनी त्यातून जे पदार्थ केले, तेच आज रोमचे मानाचे पदार्थ आहेत. दूधपित्या वासराच्या आतड्याचा 'पायाता' हा त्यांपैकी एक. गाईंच्या मेंदूविकाराच्या साथीमुळे २००१ मध्ये त्यावर बंदी आली आणि २०१५ मध्ये ती उठली. सांगायचे एवढेच, की हे जेवण हृदयरोग्यासाठी कोणी बेतलेले नाही. अवयवांच्या मांसाने यूरिक अ‍ॅसिड वाढते, म्हणून सांधे धरणाऱ्यांनी त्याच्या वाटेला जाऊ नये. कार्बोनारा आणि अमात्रिचाना या प्रसिद्ध पास्त्यांत डुकराच्या गालाची चरबी असते, वर मेंढीच्या दुधाचे पेकोरीनो चीज किसून घालतात आणि ते चांगलेच खारट असते. रक्तदाबाच्या रुग्णाने वरून मीठ घेण्याचा प्रश्नच येत नाही.

मग चांगले काय? एक तर पास्ता. हे वाचून काहींच्या भुवया उंचावतील. इटलीत १९६७ च्या कायद्याने सुका पास्ता फक्त ड्यूरम गव्हाच्या रव्याचाच करावा लागतो. आपला शेवयांचा बन्सी गहू याच जातीचा. हे घट्ट पीठ दाबून काढल्यामुळे त्यातला पिष्टमय भाग प्रथिनांच्या जाळ्यात अडकून राहतो आणि सावकाश पचतो. त्यात रोमचा स्वयंपाकी तो दाताखाली किंचित लागेल इतकाच शिजवतो. म्हणून पांढऱ्या पावाच्या मानाने पास्त्याने रक्तातील साखर हळू चढते. मऊ, गिजगिजा शिजवला की हा फायदा कमी होतो. मात्र प्रमाण महत्त्वाचे. इटलीच्या आहारतज्ज्ञांनी एका माणसासाठी ८० ग्रॅम सुका पास्ता हे माप ठरवले आहे, म्हणजे साधारण तीन मध्यम पोळ्यांची कणीक. खानावळीत ताट त्याहून मोठे येऊ शकते. दोघांत एक घ्यावे, किंवा 'मेद्झा पोर्त्सिओने' म्हणजे अर्धे ताट मागावे.

दुसरी गोष्ट भाज्यांची. कडसर चिकोरिया उकडून लसूण, मिरची आणि तेलावर परततात. चव थेट आपल्या परतलेल्या पालेभाजीच्या जवळ जाणारी. हिवाळ्यात आणि वसंतात आर्टिचोक असतात. एक गंमत सांगतो. तिकडे जेवणाचा क्रम असा, की आधी 'प्रीमो' म्हणजे पास्ता, मग 'सेकोंदो' म्हणजे मांस वा मासे आणि त्याबरोबर 'कोन्तोर्नो' म्हणजे भाजी. मधुमेह्याला हा क्रम उलटाच हवा! २०१५ मध्ये न्यूयॉर्कमध्ये ११ मधुमेही रुग्णांना तेच जेवण दोन क्रमांनी देऊन पाहिले. भाजी आणि प्रथिने आधी व पाव नंतर खाल्ला, तेव्हा तासाभराने मोजलेली साखर एक तृतीयांशाहून अधिक कमी भरली. अभ्यास लहान आहे, पण करून पाहायला खर्च काहीच नाही. भाजी आधी आणायला सांगावी. वाढपी जरा चमकून पाहील, पण आणून देईल.

खरी काळजी निराळीच आहे, आणि ती वेळेची. आमच्या परिचयाचे एक निवृत्त शिक्षक सहलीला गेले होते. साखर उतरवणारी ग्लिमेपिराइडची गोळी घरच्या सवयीने त्यांनी सात वाजताच हॉटेलच्या खोलीत घेतली. त्या भागातल्या खानावळी संध्याकाळी साडेसातच्या पुढेच उघडतात. मंडळी पोचली, यादी वाचली, गप्पा झाल्या आणि पहिले ताट येईपर्यंत पावणेनऊ वाजले. तोवर गुरुजींना घाम सुटला होता, हात थरथरत होते आणि ते काहीतरी असंबद्ध बोलू लागले होते. बरोबरच्यांना वाटले, प्रवासाचा शीण. सुदैवाने त्यांच्या पत्नीने ओळखले आणि साखर घालून पाणी पाजले. ओळखले नसते तर माणूस बेशुद्ध पडला असता.

म्हणून ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारख्या गोळ्या किंवा जेवणाआधीचे इन्सुलिन घेणाऱ्यांनी निघण्यापूर्वीच आपल्या डॉक्टरांकडून वेळांचा तक्ता लिहून घ्यावा. मात्रा स्वतःच्या मनाने बदलू नये. इटलीचे घड्याळ आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेतीन आणि हिवाळ्यात साडेचार तास मागे असते, हेही त्या तक्त्यात धरावे लागते. जेवणाआधीची गोळी खोलीत घेऊ नये, खिशात ठेवावी आणि ताट समोर आल्यावर घ्यावी. इन्सुलिनचे अंतर प्रकारानुसार बदलते, ते विचारूनच घ्यावे. टेबलावर पावाची टोपली लवकर येते. तिचे पैसे वेगळे लागले तरी उशीर होत असेल तर एक तुकडा खाऊन घ्यावा. घाम, थरथर, धडधड, गरगरणे यांतले काहीही जाणवले, तर तीन-चार चमचे साखर पाण्यातून लगेच घ्यावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालू नये, तडक रुग्णवाहिका बोलवावी. तिकडे ११२ क्रमांक लागतो. साखरेला इटालियनमध्ये 'त्सुक्केरो' म्हणतात. हा एक शब्द सहलीतल्या सर्वांनी पाठ करावा.

दारूबद्दल थोडक्यात. घरच्या वाइनचा चंबू टेबलावर येतोच. तिने हृदय सुधारते असे पूर्वी सांगत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये दारूचे कोणतेही प्रमाण निर्धोक नसल्याचे स्पष्ट केले. शिवाय वरील गोळ्या घेऊन रिकाम्या पोटी प्यालेली वाइन साखर आणखी उतरवते. उलट, हृदयासाठी तिकडच्या सरकारने केलेले एक काम मला फार मोलाचे वाटते. १० जानेवारी २००५ पासून खानावळी, उपाहारगृहे आणि कचेऱ्यांतून धूम्रपान बंद झाले. पुढच्या वर्षभरात रोममध्ये ३५ ते ६४ वयाच्या लोकांतील हृदयविकाराचे तीव्र झटके सुमारे ११ टक्क्यांनी घटल्याचे तिथल्या संशोधकांनी २००८ मध्ये दाखवून दिले. कुठल्या तेलाने एका वर्षात एवढे केले असेल, असे मला वाटत नाही.

शाकाहारी वाचकांसाठी एक सूचना. पेकोरीनो आणि पार्मिजानो ही चीज कोकराच्या वा वासराच्या जठरातील विरजणाने करतात, आणि पुन्तारेल्ले या भाजीत चिंबोटीएवढी नव्हे, पण वाटून घातलेली बारीक मासळी असते. लसूण, मिरची आणि तेलाचा 'आल्यो ए ओलियो' पास्ता निर्धास्त मागावा. टोमॅटोचा झणझणीत 'अर्राब्यात्ता' मागताना चीज घालू नका असे सांगावे. शेवटी फळे मिळतात. गोड पदार्थापेक्षा तीच घ्यावीत. जेवणानंतर दुधाची कॉफी तिकडे सहसा कोणी घेत नाही. छोट्या कपातली काळी कॉफी येते आणि ती कडक असते. ज्यांची झोप आधीच प्रवासाने बिघडली आहे त्यांनी 'देकाफेइनातो' म्हणावे. तीही मिळते.