डोक्याची ‘मंडई’ का होते?

‘डोक्याची पार मंडई झाली!’ हे वाक्य पहिल्यांदा ऐकणाऱ्याला डोक्याचा आणि भाजीचा काय संबंध, असा प्रश्न पडतो. पण पुण्याची महात्मा फुले मंडई एकदा सकाळच्या गर्दीत पाहिली, की अर्थ विचारावा लागत नाही. १८८६ सालची ही इमारत आजही गजबजलेली असते. भाव सांगणाऱ्यांचा ओरडा, धक्काबुक्की, घासाघीस, सगळं एकाच वेळी. वैतागलेल्या डोक्यातही तेच चाललेलं असतं.

बोलीतले असे बरेच शब्द याच रीतीने तयार होतात. रोजच्या ओळखीची गोष्ट उचलायची आणि भलत्याच जागी बसवायची. आणखी काही नमुने:

पोपट होणे: मोठ्या तोऱ्यात पुढे जाऊन फजिती होणे.

पुडी सोडणे: चेहरा गंभीर ठेवून थाप मारणे.

कल्टी मारणे: गुपचूप सटकणे, विशेषतः हॉटेलचं बिल यायच्या आत.

विषय हार्ड: कोल्हापुरी कौतुक. इथे ‘हार्ड’ म्हणजे अवघड नाही, जबरदस्त!

मात्र हे शब्द वापरताना एक गोष्ट सांभाळावी लागते. कट्ट्यावर मित्राला ‘तुझा पोपट झाला’ म्हटलं, की तोही हसतो, कारण बोलणाऱ्याचा चेहरा समोर असतो. अनोळखी माणसाच्या पोस्टखाली तेच वाक्य लिहिलं, तर तो अपमान ठरू शकतो. म्हणून नवा शब्द उचलताना अर्थासोबत तो कोण कुणाला म्हणतं, हेही बघावं. नाहीतर पोपट आपलाच होतो.