काचेचा तंतू किती बोलू शकतो?

मंडळी, आजचा प्रश्न साधा आहे. ऑप्टिकल फायबर, म्हणजे केसाएवढा काचेचा तंतू. त्यातून माहिती पाठवण्याला काही शेवट आहे का? आणि असला, तर कर्जत-खालापूरच्या आपल्या लोकांना त्याचं काय?

आधी काच बघू. १९६६ साली चार्ल्स काओ यांनी मांडलं, की एक किलोमीटरनंतर प्रकाशाचा शंभरावा भाग जरी उरला, तरी काचेतून संदेश पाठवता येतील. तेव्हाची काच त्याच्या जवळपासही नव्हती. १९७० मध्ये अमेरिकेतल्या कॉर्निंग कंपनीनं ते साधलं. आज तोच शंभरावा भाग शंभर किलोमीटरनंतर उरतो. सीएसएमटीपासून रेल्वेनं कर्जत साधारण तेवढंच लांब आहे.

पुण्याकडे जाणाऱ्या गाडीला कर्जतला मागून बँकर इंजिनं लावतात, कारण पुढे घाटात ३७ फुटांना एक फूट चढ आहे. लांबच्या फायबरवरही साधारण ८० किलोमीटरला प्रकाशाला असाच जोर द्यावा लागतो. ते काम ॲम्प्लिफायर करतो. पण तो जोर देताना स्वतःचा थोडा गोंगाटही मिसळतो. प्रत्येक टप्प्यावर ही भर पडत जाते.

गोंगाटात किती बोलता येईल, याचं गणित क्लॉड शॅनन यांनी १९४८ साली दिलं. आठवडी बाजारात आपण काय करतो? आवाज चढवतो. शॅननचं गणित सांगतं, की चालेल, पण महाग पडेल. प्रकाशाच्या प्रत्येक ठोक्यामागे एक बिट जास्त हवा असेल, तर शक्ती जवळजवळ दुप्पट करा. चार बिट जास्त हवे असतील, तर सोळापट.

आता खरी गंमत काचेत आहे. प्रकाश तीव्र झाला, की काचेचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश तिच्यातून कसा जातो तो गुणच, किंचित बदलतो. तंतूचा गाभा मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही अरुंद. त्यात प्रकाशाचे अनेक रंग एकाच वेळी धावतात आणि प्रत्येक रंग वेगळा संदेश नेतो. एकाची तीव्रता वाढली, की शेजारच्याची वाट हलते. म्हणजे आपला चढा आवाज हाच शेजाऱ्याचा गोंगाट, आणि त्याचा आपला! पार्थ मित्रा आणि जेसन स्टार्क यांनी २००१ साली हे गणितानं दाखवलं: एका टप्प्यापुढे शक्ती वाढवली, तर क्षमता उलट घटते.

नेहमीच्या तंतूत, लांब पल्ल्यावर आणि नेहमी वापरल्या जाणाऱ्या रंगांच्या पट्ट्यात, ही मर्यादा सेकंदाला सुमारे १०० टेराबिटच्या आसपास येते. त्यापुढे जायचं, तर एकाच तंतूत अनेक गाभे घाला किंवा आणखी तंतू टाका. घाटात तिसरी लाइन टाकली, तसंच.

पण १०० टेराबिट म्हणजे किती? घरटी १०० मेगाबिट धरा. दहा लाख घरांना एकाच वेळी पुरेल! कर्जत आणि खालापूर, दोन्ही तालुक्यांत मिळून एवढी घरं नाहीत. मग वरच्या वाडीतल्या मुलीचा ऑनलाइन तास मध्येच अडकतो, तो कशामुळे?

इथे तत्त्वज्ञानातला एक भेद कामाचा आहे. एक मर्यादा निसर्गाची असते, दुसरी व्यवस्थेची. भारतनेट योजनेचं मूळ उद्दिष्ट ग्रामपंचायतीपर्यंत फायबर नेण्याचं. पण आपल्याकडे एकेका पंचायतीत कितीतरी वाड्या, आणि कातकरी-ठाकर वस्त्या कार्यालयापासून लांब डोंगराकडेला. घरोघरच्या फायबरमध्येही अनेक ठिकाणी अडीच गिगाबिटची एक वाट ३२ किंवा ६४ घरांत वाटलेली असते. शिवाय वीज गेली, की पेटी बंद. जेसीबीनं केबल तोडली, की सगळंच बंद.

यातली एकही मर्यादा काचेची नाही. व्यवस्थेच्या मर्यादेला निसर्गाची समजलं, की माणूस गप्प बसतो. 'डोंगरात नेट असंच असतं' हे वाक्य त्या गप्प बसण्यातूनच येतं. तेव्हा ग्रामसभेत तीन प्रश्न जरूर विचारावेत. फायबर नेमकं कुठे संपतं? एका वाटेवर किती घरं आहेत? वीज गेल्यावर पेटीला बॅटरी आहे का? यांची उत्तरं मिळायला शॅननचं गणित लागत नाही.