विहिरीतली मुंबाआई

माझं माहेर नवापूरचं. बोईसरला उतरायचं, रिक्षेत चौथी सीट मिळाली तर नशीब म्हणायचं, आणि औद्योगिक वसाहतीचा वास नाकात घेत समुद्राकडे जायचं. गेल्या वेळी गेले तर अंगणात चर्चा चाललेली. मागची विहीर बुजवायची! भाऊ म्हणाला, "पाणी कुणी पितं का आता? पिण्याला नळ आहे, बाकीला बोअर आहे. ट्रॅक्टरभर भराव टाकला की दोन गाड्या उभ्या राहतील." वहिनी काही बोलली नाही. काकू मात्र ओट्यावर करंदी सोलता सोलता म्हणाली, "बुजवा. पण आधी आत कोण राहतंय ते तरी बघा."

काकूचं हे बोलणं नेहमीसारखं जुन्या वळणाचं असेल असं मला वाटलं. विहिरीत आसरा असतात, भर दुपारी वाकून बघू नये, वगैरे. पण बोलणं निघालं होतं माशावरून. आमच्याच लाईनवरच्या जोगेश्वरीत, विहिरीत एक आंधळा मासा सापडला, हे तिला गाडीत बायकांच्या डब्यात कुणीतरी सांगितलं होतं. "थापा गं," असं म्हणून मी सोडून देणार होते. घरी येऊन वाचलं, तर थाप नव्हतीच.

जोगेश्वरी पश्चिमेला अंध व्यक्तींच्या एका संस्थेच्या आवारात सुमारे चाळीस फूट खोल विहीर आहे. तिच्यात वामीसारखा लांबुळका, लालसर, खवले नसलेला मासा मिळाला. आणि त्याला डोळेच नाहीत! तेजस ठाकरे, जे. प्रवीणराज, अनिल मोहपात्रा आणि अन्नम पवनकुमार या अभ्यासकांनी २०२१ साली त्याची नवी जात म्हणून नोंद केली. नाव ठेवलं रक्तामिक्थिस मुंबा. पहिल्या शब्दात आपलं 'रक्त' आहे, कारण हे मासे दिसतातच रक्तासारखे लाल. दुसऱ्यात आपली मुंबाआई. अंधांच्या संस्थेतल्या विहिरीत आंधळा मासा, हा योगायोग कुणी कथेत लिहिला असता तर संपादकांनी खोडून टाकला असता.

विचार करा मैत्रिणींनो, त्या विहिरीच्या आजूबाजूला केवढी मुंबई उभी राहिली. रेल्वे, मॉल, टॉवर. आणि खाली खडकांच्या भेगांतल्या काळोख्या पाण्यात हा मासा त्याचा त्याचा संसार करत होता. विहीर म्हणजे त्याचं घर नव्हेच. घर जमिनीच्या पोटात. विहीर ही फक्त त्याची खिडकी. आपण जिथे खणतो तिथे योगायोगाने तो आपल्याला दिसतो इतकंच.

डोळे का गेले? आपण कुणी राहत नसलेल्या खोलीत बल्ब जळत ठेवतो का? डोळा हा महागडा अवयव. तो पोसायला शरीराला फार खर्च येतो. जिथे पिढ्यान् पिढ्या उजेडच नाही आणि खायलाही बेताचंच, तिथे हा खर्च परवडत नाही. त्यापेक्षा वास आणि स्पर्श तल्लख असलेले बरे. रंगाचंही तेच, बघणारंच कुणी नाही तर नटायचं कुणासाठी? आमच्या खाडीतल्या निवट्या आठवा. चिखलावर बसून टकामका बघणारे ते बटबटीत डोळे! त्याच कोकणपट्टीत हे दुसरं टोक.

आपल्या पुण्याचाही असा एक गुहेतला नातेवाईक आहे. फ्रान्सिस डे या इंग्रज डॉक्टरने १८७२ मध्ये पुण्याच्या पाण्यातला एक बोटभर मासा नोंदवला. त्याचेच भाऊबंद बस्तरच्या कोटुमसर गुहेत राहतात. तिथे त्यांचे डोळे बारीक झालेत आणि अंगावरचा रंग फिका पडलाय. एकाच घरातल्या दोघी बहिणी, एक उन्हात राबणारी, एक माजघरात कोंडलेली.

पण या बाबतीत खरी बाजी मारली ती केरळने. कोट्टयमच्या विहिरीतला आंधळा मासा १९५० सालीच मेनन यांनी जगापुढे आणला. त्यानंतर तिकडे घराघरांतून असे मासे निघतच आहेत. २०२० मध्ये चेंगन्नूरला एक गृहस्थ आंघोळ करत होते, तर बादलीत लाल दोऱ्यासारखं काहीतरी वळवळलं. दुसरा कुणी असता तर मोरीत ओतून मोकळा झाला असता. (मी ओतलं असतं, खोटं कशाला बोलू?) त्यांनी ते जपून ठेवलं, अभ्यासकांना कळवलं. २०२२ मध्ये ती नवी जात ठरली आणि तिच्या नावात 'पाताळ' आलं. २०२३ मध्ये आणखी एका आंधळ्या माशाचं नाव ठेवलं 'पॉप्युली', म्हणजे लोकांचा, कारण विहिरी आणि टाक्या साफ करताना मासे जपून ठेवणारी साधी माणसंच या कामात पुढे होती. त्या अभ्यासकांत आपले नीलेश डहाणूकर आहेत. आडनावातच आमचा जिल्हा.

घरात पाणी कोण भरतं, टाकी कोण घासतं, नळाला बांधलेलं फडकं कोण पिळतं, हे काय वेगळं सांगायला हवं? बादलीत काय आलं ते सगळ्यात आधी बाईला दिसतं. पण तिला कुणी विचारत नाही.

हे मासे संपायला फार काही करावं लागत नाही. ते असतात थोडे, आणि जरा जागेवरच्या पाण्यात अडकलेले. समुद्रातला मासा पाणी खराब झालं की पुढे तरी निघून जातो. यांना जायला वाट नाही. बोअर मारून आपण पाणी उपसतो, ते यांच्या पायाखालची जमीन काढून घेण्यासारखंच. जुन्या विहिरीवर स्लॅब पडतो, आत कचरा जातो. आणि वर जे ओतलं जातं ते कधी ना कधी खाली झिरपतंच.

नवापूरकरांना हे सांगणं म्हणजे कोळणीला बोंबील ओळखायला शिकवणं. तारापूर औद्योगिक वसाहतीचं सांडपाणी आमच्याच समुद्रात सोडलं जातं. अखिल भारतीय मांगेला समाज परिषद त्यासाठी राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेली. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या निर्देशांकात तारापूरला शंभरात ९३.६९ मिळाले होते, आणि या परीक्षेत जितके मार्क जास्त तितकं पाणी, हवा आणि जमीन वाईट. एवढे मार्क आमच्या घरात आजवर कुणाला मिळाले नाहीत. समुद्रातलं निदान दिसतं, फेस दिसतो, मेलेला मासा किनाऱ्याला लागतो. जमिनीखालच्या पाण्यात कोण मेलं, ते कोण मोजणार?

हे सगळं मी फोनवर काकूला वाचून दाखवलं. तिने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "मग तो मासा खातात का?" मी म्हटलं, "काकू, खायला पुरेल इतका तो सापडतच नाही." "मग ठीक आहे," ती म्हणाली, "नाहीतर एव्हाना संपवलाच असता."

दुसऱ्या दिवशी वहिनीचा फोन आला. तिने जुन्या मच्छरदाणीचा तुकडा विहिरीच्या पंपाच्या नळाला बांधलाय. बागेला पाणी घालायचं काम तिच्याकडेच. पहिल्या दिवशी शेवाळ आलं, दुसऱ्या दिवशी एक बेडकाचं पिल्लू. भाऊ हसतो म्हणे. पण ट्रॅक्टरवाल्याला त्याने दिवाळीनंतर ये म्हणून सांगितलंय.